ब्रिटनमधल्या आपल्या मराठी कौन्सिलरांना खुलं पत्र: गावातली बँक बंद होतेय, नुसत्या निषेधाच्या ठरावावर थांबू नका

नमस्कार,

ब्रिटनमध्ये टाउन कौन्सिल, बरो, डिस्ट्रिक्ट, कौंटी, कुठेही निवडून आलेल्या आपल्या मराठी कौन्सिलरांना आणि येत्या निवडणुकीत उभं राहायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना हे पत्र लिहितेय. आमच्या कौन्सिलला इंग्रजीतून जे लिहून द्यायचं ते दिलंय, ते वेगळं. तुमच्याशी मराठीतच बोलायचंय कारण तुम्ही निवडून आलात तेव्हा आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं, काहींनी तुमच्यासाठी थंडीत दारोदार फिरून लीफलेटं वाटली, आणि आता आपल्या गावांमधून एकेक करत बँका चालल्यात तर त्याबद्दल तुमच्याकडून काहीतरी ठोस हवंय, आणि ते मी हक्काने मागतेय.

आमचं गाव मिडलंड्समधलं, फार मोठं नाही, आठवडी बाजार भरतो असं. हाय स्ट्रीटवर पूर्वी बऱ्याच बँका होत्या, मग एकेक करत गेल्या आणि शेवटची उरलेली ब्रांच पण बंद होणार असं पत्र ग्राहकांना आलं. बँकेचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण प्रश्न एका बँकेचा नाहीच. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. स्थानिक पेपरात बातमी आली, सगळ्या पक्षांचे कौन्सिलर ब्रांचसमोर उभे राहिले, फोटो निघाला, पुढच्या मीटिंगमध्ये तीव्र नाराजीचा ठराव एकमताने पास झाला, बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र गेलं, तिकडून ग्राहक आता ॲप वापरतात वगैरे छापील उत्तर आलं आणि सांगितलेल्या तारखेला ब्रांच बंद झाली. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण तेवढ्या आठवड्यांत जे करता आलं असतं ते राहून गेलं, आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय.

आधी आकडा बघा म्हणजे हे किती मोठं आहे ते कळेल. ग्राहकांसाठी काम करणारी विच ही संस्था जानेवारी २०१५ पासून हिशोब ठेवतेय, आणि २०२४ च्या मे महिन्यात बंद झालेल्या ब्रांचचा आकडा सहा हजारांच्या पुढे गेला. म्हणजे महिन्याला सरासरी पन्नासच्या वर. एकट्या बार्कलेजने बाराशेच्या वर ब्रांच बंद केल्यात, एचएसबीसीने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एकदम ११४ जाहीर केल्या, लॉइड्स ग्रुपने २०२५ च्या जानेवारीत १३६. नेशनवाइड तेवढी आपल्या ब्रांच काही वर्षं तरी ठेवणार असं जाहीर करून बसलीय, पण तीही शेवटी ठरावीक मुदतीपर्यंतच. म्हणजे तुमच्या वॉर्डातली अजून गेली नसेल तर ती जाणार असं धरूनच तयारी ठेवायला हवी.

आणि कौन्सिलला खाजगी बँकेची ब्रांच उघडी ठेवायला लावायचा कायदेशीर अधिकार नाही, हे आधी सगळ्यांनी मान्य करूया. प्लॅनिंगच्या, म्हणजे इमारतीच्या वापराला परवानगी द्यायच्या, नियमांचा हत्यार म्हणून काही उपयोग होईल असं वाटत असेल तर तेही नाही, कारण इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०२० पासून बँक, दुकान, कॅफे, ऑफिस हे सगळं क्लास ई या एकाच वर्गात आलंय, त्यामुळे बँकेचं कॉफी शॉप करायला वापर बदलायची परवानगीच लागत नाही. राजकीय दबावाने कधी काहीच होत नाही असंही नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या ६२ ब्रांच बंद करायचं जाहीर केलं होतं, त्यावर संसदेपर्यंत गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दहा ब्रांचना तात्पुरतं जीवदान मिळालं. पण तेव्हा त्या बँकेत सरकारचीच बहुतांश मालकी होती, आणि तरीही ६२ पैकी दहा, आणि तेही आधी मुदतवाढ म्हणूनच. बाकीच्या बँकांना तर असं काही ऐकायचं कारणच नाही.

मग कौन्सिलच्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक २०२३ नंतर आलंय म्हणून अजून कितीतरी कौन्सिलरांना ते नीट माहीतच नाही असं मला मीटिंगा ऐकून वाटतं. फायनान्शियल सर्व्हिसेस अँड मार्केट्स ॲक्ट २०२३ ने एफसीएला, म्हणजे बँकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला, रोख पैशाची सोय टिकवायचे अधिकार दिले आणि त्याचे नियम १८ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार मोठ्या बँकांना ब्रांच बंद करण्याआधी त्या भागात रोख काढायची आणि भरायची सोय पुरेशी राहते का हे तपासून घ्यावं लागतं, आणि कमी पडतेय असं निघालं तर पर्यायी सोय उभी राहीपर्यंत ती ब्रांच बंद करता येत नाही. सरकारने धोरण म्हणून जे अंतर धरलंय ते शहरी भागात एक मैल आणि ग्रामीण भागात तीन मैल. ही तपासणी प्रत्यक्षात बहुतेक वेळा लिंक करते, तीच एटीएमच्या नेटवर्कवाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही तपासणी करा अशी मागणी कुणीही करू शकतं, रहिवासी, संस्था, कौन्सिलर, कुणीही. बँकेने बंद करायचं जाहीर केलेलं असण्याचीही वाट बघायला नको.

ह्यातूनच बँकिंग हब येतात. ही कल्पना २०१९ च्या नॅटली सीनी यांच्या ॲक्सेस टु कॅश अहवालानंतर पुढे आली, २०२१ मध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डला आणि ग्लासगोजवळच्या कॅम्बसलँगला प्रयोग झाले, तिथल्या लोकांनी ते इतके वापरले की ते कायमचे झाले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये शंभरावं हब उघडलं आणि या संसदेची मुदत संपेपर्यंत साडेतीनशे करायचं ठरलंय. हब म्हणजे एकच जागा, काउंटर पोस्ट ऑफिसची माणसं चालवतात, तिथे बहुतेक सगळ्या बँकांचे ग्राहक पैसे काढू भरू शकतात, आणि आठवड्याचा एकेक दिवस एकेका मोठ्या बँकेचा माणूस आतल्या खोलीत बसतो. हे सगळं चालवायला बँकांनीच मिळून कॅश ॲक्सेस यूके नावाची कंपनी काढलीय.

आता यात गोम कुठे आहे ते सांगते. कायद्याने जे जपलंय ते फक्त रोख, काढणं आणि भरणं. माणसाशी समोरासमोर बोलून होणारं बँकेचं काम त्यात नाही. म्हणजे तुमच्या गावात पोस्ट ऑफिस आहे, एटीएम आहे, अंतर बसतंय, तर कागदावर सोय पुरेशी निघू शकते आणि हब नामंजूर होऊ शकतं. नवरा गेल्यावर त्याचं खातं बंद करायला कागद घेऊन बसलेल्या बाईचं काम, मुलाच्या नावाने पॉवर ऑफ ॲटर्नी नोंदवायची असलेल्या म्हाताऱ्यांचं काम, फोनवरून कुणीतरी पैसे लांबवल्यावर घाबरून बँकेत धावत जाणाऱ्या माणसाचं काम, हे त्या हिशोबात येत नाही. त्यामुळे तुमच्या ठरावात आणि लिंकला पाठवायच्या मागणीत नुसतं बँक हवी असं लिहू नका, आमच्याकडे कुणाला काउंटर लागतं, कशासाठी लागतं, दुकानदार आठवड्याला किती रोख भरतात, पोस्टात किती वेळ रांगेत उभं राहावं लागतं, पुढच्या गावाला जायला बस कधी आहे आणि परत यायला कधी आहे, हे लिहा. तपासणीत लोकवस्ती, वय, वाहतूक या गोष्टी बघायच्या असतात, पण तुम्ही पुरवल्याशिवाय तिथल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला कसं कळणार की दुपारच्या बसनंतर थेट संध्याकाळचीच बस आहे? बसचं टाइमटेबल, वॉर्डातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची माहिती, दुकानांची यादी हे सगळं कौन्सिलकडे पडलेलं असतं, दुसऱ्या कुणाकडे एका जागी नसतं.

आणि हे लवकर करा. बँकांनी कमीत कमी १२ आठवड्यांची नोटीस द्यायची असते. कौन्सिलच्या मीटिंगांचं कॅलेंडर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितेय, फुल कौन्सिल, म्हणजे सगळ्या कौन्सिलरांची सभा, काही दर आठवड्याला भरत नाही, त्यात मधे ऑगस्ट किंवा ख्रिसमस आला की झालं. आमच्याकडे ठराव पास झाला तोवर निम्मी मुदत गेली होती आणि लिंककडे मागणी करायचं ठरवायला पुढची मीटिंग उजाडावी लागली. म्हणून मी म्हणते की ज्या गावात एक किंवा दोनच ब्रांच राहिल्यात तिथे नोटीस यायच्या आधीच माहिती गोळा करून ठेवा आणि चीफ एक्झिक्युटिव्हला किंवा टाउन क्लार्कला आधीच अधिकार देऊन ठेवा, म्हणजे नोटीस आली की दुसऱ्या दिवशी पत्र जाईल.

पुढचा मुद्दा जागेचा. हब मंजूर झालं तरी ते उघडायला वेळ जातो, आणि त्यात मोठी अडचण असते ती हाय स्ट्रीटवर बरी जागा मिळायची. कौन्सिलकडे जागा असतात. टाउन हॉलची खालची खोली, लायब्ररीचा कोपरा, बंद झालेलं माहिती केंद्र. कितीतरी ठिकाणी तात्पुरती हब अशाच जागांमध्ये सुरू झालीत, आणि बार्कलेजची माणसं लायब्ररी आणि टाउन हॉलमध्ये ठरलेल्या दिवशी बसतात ते तुम्ही पाहिलंच असेल. मग मागणी करतानाच लिहा की ही खोली आहे, इथे व्हीलचेअर जाते, भाडं एवढं, उद्यापासून घ्या. शिवाय इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४ पासून हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शनचा अधिकार आलाय, दोन वर्षांत ३६५ दिवसांपेक्षा जास्त रिकामं पडलेलं दुकान कौन्सिल लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाड्याने देऊ शकते. त्याने लगेच काही होणार नाही, वर्षभर रिकामं पडायला लागतं, पण जुन्या बँकेच्या त्या दगडी इमारती वर्षानुवर्षं फळ्या ठोकून पडलेल्या असतात त्यांच्या मालकांना निदान एक पत्र तरी जाऊ शकतं.

यात एक त्रास होतो तो मी जवळून बघितलाय. टाउन हॉल टाउन कौन्सिलचा, कार पार्क डिस्ट्रिक्टचा, लायब्ररी कौंटीची. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यात आता सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर दोन स्तरांच्या कौन्सिल जाऊन युनिटरी, म्हणजे सगळी कामं बघणारी एकच कौन्सिल, होणार म्हणून सगळे अधिकारी त्याच कामात. मान्य आहे, कामं खूप आहेत, पैसे नाहीत. पण तुमच्यापैकी एकजण डिस्ट्रिक्टवर आहे आणि दुसरा कौंटीवर असेल तर तुम्ही दोघं एका संध्याकाळी चहाला बसून हे जुळवू शकता, त्याला कुठल्या कमिटीची गरज नाही.

आता जरा कडू बोलते. बँकेला बोल लावायच्या आधी कौन्सिलने स्वतःचा काउंटर बघावा. पूर्वी कौन्सिल टॅक्स, घरभाडं सिव्हिक सेंटरच्या कॅश ऑफिसात रोख भरता यायचं, कितीतरी कौन्सिलांनी ती कॅश ऑफिसं बंद केली. कार पार्कमधली नाण्यांची मशीनं काढली आणि ॲप लावलं, काही ठिकाणी तर थ्रीजी नेटवर्क बंद होतंय आणि मशीन बदलायचा खर्च परवडत नाही असं कारण दिलं. स्विमिंग पूलला, लायब्ररीच्या प्रिंटरला, कचऱ्याच्या जादा बिनसाठी, सगळीकडे कार्ड नाहीतर ऑनलाइन. ज्या कौन्सिलने स्वतःच रोख घेणं बंद केलं तिने बँकेला रोखीची सोय ठेवा म्हणून सांगितलं तर बँकवाले ते ऐकून घेतील का?

आमच्या कोपऱ्यावर एक न्यूजएजंट काका आहेत, युगांडातून आलेलं गुजराती कुटुंब, पहाटे दुकान उघडतात. त्यांच्याकडे पिवळं पेपॉइंटचं मशीन आहे. कौन्सिलने कॅश ऑफिस बंद केल्यावर लोकांना सांगितलं की बारकोड घेऊन पेपॉइंटच्या दुकानात जा, तिथे रोख भरा. म्हणजे कौन्सिल टॅक्सचे, गॅसचे, विजेचे पैसे आता काकांच्या गल्ल्यात येतात. पेपॉइंट ते पैसे काकांच्या बँक खात्यातून डायरेक्ट डेबिटने वळते करून घेते. मग गल्ल्यातली रोख त्या आधी खात्यात भरायलाच हवी, नाहीतर डेबिट परत जाणार आणि दंड बसणार. पूर्वी काका दुपारी दुकान मुलाच्या ताब्यात देऊन समोरच्या बँकेत जाऊन यायचे, दहा मिनिटांचं काम. आता ते पुढच्या गावी गाडीने जातात, अंगावर रोख घेऊन, दुकान बंद ठेवून. सगळी रोख आणि नाणी पोस्टात घेतील असंही नाही, तिथलं काउंटर एकच आणि मागे रांग. म्हणजे बघा, कौन्सिलने आपलं रोख घ्यायचं काम काकांवर टाकलं, आणि ती रोख जिथे भरायची ती बँक गेली, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडलाच नाही, ना बँकेने ना कौन्सिलने. काकांनी ते मशीन परत करायचं ठरवलं तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी कौन्सिल टॅक्स कुठे भरायचा? माझी तुम्हाला विनंती आहे की तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक पेपॉइंटच्या दुकानात जाऊन फक्त एवढं विचारा की तुम्ही रोख कुठे भरता. जे उत्तर मिळेल ते लिहून घ्या आणि तेच लिंकला पाठवा.

पोस्ट ऑफिस आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, देशभरात साडेअकरा हजारांच्या आसपास आहेत आणि साधी रोख काढायला भरायला त्यांचा खरोखर आधार आहे. पण पोस्ट ऑफिस म्हणजे बऱ्याच ठिकाणी आपल्यासारख्याच एखाद्या कुटुंबाच्या दुकानातला कोपरा असतो, होरायझन नावाच्या चुका करणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिममुळे ज्यांच्यावर पैसे चोरल्याचे खोटे आळ आले आणि ज्यांनी एवढं सोसलं ती हीच पोस्टमास्तर माणसं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पोस्ट ऑफिसने स्वतः चालवत असलेल्या ११५ शाखांचं भवितव्यच टांगणीला लावलं. बँकांनी काम सोडायचं आणि ते सगळं या माणसांच्या डोक्यावर टाकायचं हे टिकणारं नाही.

आमच्या मंडळातल्या नव्या मुलांचं म्हणणं मला माहितेय, तेही खरंच आहे त्यांच्या परीने. ताई, भारतात भाजीवाला यूपीआय घेतो आणि तुम्ही लंडनच्या देशात राहून नाण्यांसाठी रडताय. अरे पण भारतात बँकेची ब्रांच नसलेल्या गावात बँक मित्र असतो, अंगठा लावला की आजीच्या हातात पेन्शनचे पैसे ठेवणारा माणूस असतो, तिथे ॲप आलं म्हणून माणूस काढून टाकलेला नाही. इथेही २०२३ मध्ये साधारण १२ टक्के व्यवहार रोखीतच झाले. आणि नव्याने आलेल्यांना तर ब्रांच जास्त लागते, घर शेअरिंगचं, बिल दुसऱ्याच्या नावावर, पत्त्याचा पुरावा नाही, ॲप नुसतं नाही म्हणतं आणि का ते सांगत नाही. माझं स्वतःचं पहिलं खातं काउंटरवरच्या एका बाईने ऑफिसचं पत्र वाचून उघडून दिलं होतं.

मंडळाची खजिनदार म्हणून अजून एक सांगते कारण हे तुमच्या प्रत्येकाच्या गावातल्या मंडळाला लागू आहे. गणपतीत दानपेटी असते, वडापावचा, साबुदाणा वड्याचा स्टॉल असतो, लहान मुलं सुद्धा बाप्पापुढे दहा पेनीचं नाणं टाकतात. विसर्जन झालं की रात्री आम्ही बायका सतरंजीवर बसून नाणी वेगळी करतो, एक आणि दोन पौंडांची वीस पौंडांच्या पिशवीत, पन्नास आणि वीस पेनीची दहा पौंडांच्या पिशवीत, दहा आणि पाच पेनीची पाच पौंडांच्या, आणि तांब्याची एक पौंडाच्या. त्या पिशव्या जड असतात, कापडी पिशवीत घालून खांद्याला लावून न्यायच्या. बँक समोर होती तेव्हा सोमवारी सकाळी हा विषय संपायचा. आता ते पैसे कुणाच्या तरी घरी कपाटात पडून राहतात, आणि मग कमिटीत उगीच कुजबुज सुरू होते, आणि ज्यांनी रात्रभर बसून नाणी मोजली त्यांच्याकडेच संशयाने बघितलं जातं. खजिनदार बदलला की खात्यावरच्या सह्या बदलायच्या, तेही पूर्वी दोघांनी पासपोर्ट घेऊन ब्रांचमध्ये जायचं की काम व्हायचं, आता फॉर्म पोस्टाने जातात, परत येतात, एक खूण राहिली म्हणून पुन्हा जातात, तोवर हॉलचं भाडं कुणीतरी खिशातून भरतं. हे फक्त आपलंच नाही, चर्चचं, क्रिकेट क्लबचं, फूड बँकेचं, मशिदीचं, गुरुद्वाऱ्याचं, सगळ्यांचं असंच आहे. कौन्सिल या सगळ्या संस्थांना ग्रँट देते, मग त्यांची बँक कुठे गेली हे पण कौन्सिलने विचारायला नको का? एकदा सगळ्या खजिनदारांना एका खोलीत बोलवा, दोन तासांत जेवढा पुरावा गोळा होईल तेवढा कुठल्याही ऑनलाइन सर्व्हेत होणार नाही. ऑनलाइन सर्व्हे तर करूच नका, ज्यांना बँक लागते तीच माणसं त्यातून सुटतात. कागदाचे फॉर्म जीपीच्या, म्हणजे गावातल्या डॉक्टरांच्या, वेटिंग रूममध्ये आणि बाजारात ठेवा.

आणि मंडळांच्या सभासदांना पण इथेच सांगते. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असला, व्हिसावर असलात, तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथल्या निवडणुकीत मत देता येतं, नाव नोंदवलेलं असलं म्हणजे झालं. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बाहेरच्या माणसाला प्रश्न विचारायला बहुतेक ठिकाणी वेळ ठेवलेला असतो, काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो एवढंच. आपली दहा माणसं जाऊन मागे बसली तरी कौन्सिलर वळून बघतात, हे मी बघितलंय.

तर कौन्सिलर मंडळी, माझं मागणं असं आहे. पुढच्या फुल कौन्सिलला ठराव मांडणार असाल तर त्यात नाराजीच्या वाक्याबरोबर चार कामं लिहा, लिंककडे तपासणीची मागणी कोण आणि कुठल्या तारखेच्या आत पाठवणार, हबसाठी कौन्सिलची कुठली खोली देणार, कौन्सिलच्या स्वतःच्या किमान एका काउंटरवर आणि एका कार पार्कमध्ये रोख परत कधी सुरू करणार, आणि ब्रांच गेल्यानंतर सहा महिन्यांनी लोकांची काय अवस्था आहे याचा रिपोर्ट कुठल्या कमिटीपुढे येणार. मांडायला एक आणि अनुमोदन द्यायला एक, दोन नावं लागतात, दुसरं नाव तुमच्या पक्षाबाहेरचं घ्या म्हणजे वाद होणार नाही. मी इंग्रजीत मसुदा तयार करून ठेवलाय, आमच्या गावातल्या दुकानदारांनी आणि संस्थांच्या खजिनदारांनी लिहून दिलेले कागद पण आहेत, नावं काढून तुम्हाला देते, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या. अजेंडा बंद व्हायच्या आधी ग्रुपवर कळवा म्हणजे वेळेत पोचवते.

आपली,
मिडलंड्समधल्या एका मराठी मंडळाची खजिनदार